माझ्या फ्रिजवर आळ

म्हैसूरकर मंडळी, आज माझ्या फ्रिजची अंत्ययात्राच निघणार होती!

दोन महिने झाले, करंटचं बिल फुगतंय. लेक म्हणतो, "आई, जुना फ्रिज करंट खातोय. पाच स्टारवाला घेऊया." वरची भाडेकरीण पुट्टम्मा तर रोज म्हणते, "अय्यो अक्का, काढून टाका त्याला!"

हा फ्रिज ह्यांनी घेतलेला. हे गेले, आता फ्रिजही घालवू? आणि माझ्या बिलाची ह्या बाईला एवढी काळजी कशाला? मला तिथंच संशय आला.

आज दुपारी घरातले सगळे स्विच बंद केले, फ्रिजचा प्लगही काढला. तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतोय! म्हणजे करंट जातोय कुठं?

जिना चढले. पुट्टम्माच्या दाराबाहेर तिचा नवा फ्रिज. वायर जिन्यातल्या प्लगला. आणि जिन्यातली लाइन माझ्या मीटरवर!

"छान आहे गं फ्रिज. करंट किती खातो?"

"काहीच नाही अक्का! पाच स्टार आहे ना. बिलात कळतसुद्धा नाही."

तुझ्या बिलात कसं कळणार गं? हे ओठावर आलेलं गिळलं.

खाली आले, दोशाचं पीठ, दही, भाजी, सगळं उचललं आणि तिच्या फ्रिजात नेऊन ठेवलं. म्हटलं, "तुझंच ऐकलं बघ, माझा बंद केला." तिचं तोंड बघायला हवं होतं!

ह्यांचा फ्रिज आता कुठं जात नाही. पण सांगा, तिचा प्लग आजच काढू, की चार दिवस माझं पीठ सांभाळू दे तिला?