काकूंच्या वाटणीची गोळी

समोरच्या बाल्कनीत रोज सकाळी काका-काकू गोळी गिळतात आणि लहान मुलांसारखी एकमेकांना जीभ काढून दाखवतात. मला गंमत वाटायची. एकदा काकूंनीच सांगितलं. दोघांनाही ब्लडप्रेशर. पेन्शनमध्ये दोघांची औषधं बसेनात, म्हणून काकूंनी गुपचूप स्वतःच्या गोळ्या बंद केल्या. घरात बाई शेवटची पोळी नवऱ्याच्या ताटात वाढते ना, तितक्याच सहज. मग एक दिवस त्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या.

काका रागावले नाहीत. डॉक्टरांकडून तेच औषध स्वस्तातलं लिहून आणलं आणि म्हणाले, "यापुढे तू घेतल्याशिवाय मी घेणार नाही."

हे सांगताना काकू लाजल्या. "मी जेवले का, हे यांनी जन्मात विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या, "आता गोळीच्या निमित्ताने तेही विचारतात."