लपवलेली साखर

माझ्या लघवीत साखर आहे हे लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं, आणि त्याच सुमारास मला दिवस गेले. आम्ही अकोल्यात राहत होतो. यजमान शाळेत मास्तर, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. डॉक्टरांनी रोज इन्सुलिनची सुई आणि खाण्याचं पथ्य सांगितलं. परतताना टांग्यात यजमान म्हणाले, "आईला इतक्यात काही सांगू नकोस. उगाच घाबरेल." मी मान हलवली. रोगी सून म्हणवून घ्यायची माझीही तयारी नव्हती.

सकाळी दार लोटून ते मला सुई टोचत. नवराबायकोचं काही गूज चाललंय असं समजून सासूबाई हसत अंगणात जात. पण पथ्य कसं पाळायचं? त्यांनी डिंकाचे लाडू केले, साखरभात केला. "दोन जिवाची हायेस, चिमणीवानी काहून खाऊन राहिली?" म्हणत त्या समोर बसत. इतक्या मायेनं मला कोणी वाढलं नव्हतं. मी खात गेले.

नवव्या महिन्यात एका दुपारी पोटातली हालचाल थांबली. मुलगा झाला. चांगला थोराड, गुटगुटीत. पण श्वास नव्हता. नर्सबाई सासूबाईंसमोरच सहज बोलून गेल्या, "साखर इतकी वाढू द्यायला नको होती."

सासूबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. पायथ्याशी बसून म्हणाल्या, "मले सांगतलं असतं, त म्या असं वाढलं असतं काय वं?" मग लेकाकडे वळल्या, "तू तरी काहून बोलला नाईस?"

पुढच्या खेपेला सासूबाईंनी सगळं हाती घेतलं. काचेच्या नळीत निळं औषध आणि लघवीचे थेंब घालून त्या स्वतः स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. निळं राहिलं, म्हणजे साखर नाही, की चेहरा खुले. विटकरी झालं की दिवसभर त्यांना अन्न गोड लागत नसे. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी दिवस भरायच्या आधीच ऑपरेशन करून मुलगी काढली. ती जगली. पहिल्याचा विषय मात्र घरात कधी निघाला नाही.

मुलगी चारेक वर्षांची असताना आम्ही एस.टी.नं परतवाड्याला, माझ्या माहेरी चाललो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "एकच लेकरू काय वं?" मी हो म्हणणार, तोच पुढच्या सीटवरून यजमान वळले. "नाही. हिच्या आधी मुलगा झाला होता. माझ्या चुकीनं गेला."

चूक एकट्या तुमची नव्हती, असं मला म्हणायचं होतं. पण बाई ऐकत होती, मुलगी संत्र्यांच्या बागा दाखवत होती, आणि ते पुन्हा समोर बघायला लागले होते. नंतरही ते बोलायचं राहूनच गेलं.