तीनशे वीसचे बावन्न

रक्तातल्या एकाच एन्झाइमचं माप काढायच्या दोन रीती असतात, आणि त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे नसतात. पांढुर्ण्याच्या त्या खासगी लॅबमध्ये लागलो तेव्हा हे पहिल्याच आठवड्यात शिकलो. त्यामुळे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, बोरगावचे संत्रेवाले. कावीळ हटेना म्हणून नागपूरला दाखवून आले. पित्ताची वाट अडली की हे एन्झाइम रक्तात वाढतं. तिथल्या नव्या यंत्रानं तीनशे वीस सांगितलं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा, उतरलं नाही तर ऑपरेशन. पण बगीच्यात तोडणी चालू होती. नागपूरऐवजी ते माझ्याकडे आले.

आमची रीत जुनी. सीरम औषधात मिसळून पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचं, मग रंग किती गडद उतरला ते कलरीमीटरवर पाहायचं. आकडा आला बावन्न. चांगल्या माणसाचा आमच्याकडे तेराच्या आत येतो. आमचा एक म्हणजे नागपूरचे सात. म्हणजे तीनशे साठच्या वर; वाढलंच होतं.

भाऊजी मला चारचौघांत 'लघवीवाले डॉक्टर' म्हणत. त्या दिवशी बाकावर बसून, रिपोर्ट हातात धरून, हळूच म्हणाले, "साळेबुवा, तीनशे वीसचं बावन्न झालं. उतरलं ना?"

आयुष्यात पहिल्यांदा ते मला काही विचारत होते.

"उतरून राहिलं, भाऊजी," मी म्हटलं.

दोन्हीकडच्या रीती वेगळ्या, एकच रक्त दोन्हीकडे तपासून पाहू, एवढंच सांगायचं होतं. आठवड्यानं सांगायलाच बोरगावला गेलो. ते ओसरीवर बसून संत्री निवडून घेत होते, आणि आलेल्या व्यापाऱ्याला माझी ओळख करून दिली ती घरचा डॉक्टर म्हणून. मी चहा पिऊन परत आलो.

तोडणी आटोपल्यावर नागपूरला नेलं. ऑपरेशनची वेळ निघून गेली, असं डॉक्टर म्हणाले. होळीच्या आत भाऊजी गेले.

मला कोणी बोललं नाही. बोलणार कसं? बहीण अजून आल्यागेल्याला सांगते, "माह्या भावानं त्याईले शेवटपर्यंत हिंमत देली." आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढते.

मी ती खातो.