युनिटमामांची उलटी फेरी

मीटर वाचणाऱ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, हे युनिटमामांना एकोणतीस वर्षं ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना सुखच होतं. दार वाजवायचं, "मीटर" एवढंच म्हणायचं, जिन्याखाली नाहीतर मोरीशेजारी वाकून आकडा टिपायचा, चालू पडायचं. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकायचा कंटाळा करायची.

मग सरकारनं स्वस्त विजेची योजना आणली. महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहिलात, तर बिल शून्य. एक जरी वर गेलं, तर पहिल्या युनिटापासून सगळं भरा. आणि वर्षात दोनदा वर गेलात, तर वर्षभर योजनेतून नावच बाद.

त्या दिवसापासून मामांना भाव आला. लोक त्यांच्या यायच्या तारखा पाठ करायला लागले. "काल यायला काय झालं होतं हो मामा? काल अठ्ठ्याण्णव होते!" म्हणून न्हाव्यानं त्यांना भर दुकानात, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासमोर झापलं. एका म्हातारीनं मीटरवर फडकं टाकून ठेवलं होतं. का, तर "उघडं ठेवलं की जास्त पळतं मेलं."

मामांची फेरी सात दिवसांची. दोन तारखेला चढणीवरच्या खोल्यांपासून सुरुवात आणि आठला खाली सपाट रस्त्यावर, बेकरीपाशी शेवट. ही वाट ऑफिसनं आखून दिलेली होती, पण मामांना ती ऑफिसची वाटतच नव्हती. पायांनाच पाठ झाली होती.

गेल्या महिन्यात त्यांचा उजवा गुडघा सुजला. आठवडाभर पायऱ्या चढू नका, म्हणून डॉक्टरनं बजावलं. निवृत्तीला चार महिने राहिलेले. आता कुठे रजेचा अर्ज करत बसा? मामांनी फेरी उलटी फिरवली. आधी बेकरी, शेवटी चढण. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. बायकोला मात्र सांगितलं, "बघ, डोकं चालवलं की गुडघा चालवावा लागत नाही."

आठ तारखेला ते चढणीवरच्या शिवणवालीच्या दारात पोचले. तिची एकच खोली. खिडकीशी पायानं चालवायची शिलाई मशीन, भिंतीला खाट, खाटेवर नवरा. नवरा रंगारी होता. तीस वर्षं लोकांच्या भिंती घासल्या, त्या धुळीनं छाती बसली. आता सकाळी दोन तास आणि दुपारी तीन तास नाकाला नळी लावून श्वासाचं यंत्र चालवायचं, असं डॉक्टरनं ठरवून दिलेलं. बाई पक्की. पाच तास यंत्र, एक पंखा, एक दिवा, महिन्याला पंच्याण्णव नाहीतर शहाण्णव. मामा आकडा सांगायच्या आधी ती सांगायची.

"शहाण्णव," ती त्या दिवशीही म्हणाली.

मामांनी आकडा टिपायचं हातातलं यंत्र मीटरसमोर धरलं. फोटो निघाला, तारीख आपोआप पडली, आकडा उमटला.

"एकशे चौदा."

तिचा पाय मशीनवरून खाली आला. "कसं काय?"

"पंखा जास्त फिरला असेल. उकाडा बघा किती आहे," मामा म्हणाले आणि बाहेर पडले.

निम्मी चढण उतरल्यावर त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मागच्या महिन्यात दोन तारखेला वाचलं होतं. आज आठ. म्हणजे हा महिना सदतीस दिवसांचा झाला. तो पंखा कुठला, तो आपला गुडघा! मामा तिथंच कठड्याला धरून उभे राहिले. वर बघितलं. पायऱ्या मोजल्या. मग खालीच उतरले.

ऑफिसात त्यांनी चढणीवरची एकसष्ट घरं तपासली. एकोणीस घरं शंभराच्या वर गेली होती. त्यांतली बरीच याआधी कधीच गेली नव्हती. ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, चढणीवरचं दिवसांच्या प्रमाणात धरता येईल का?"

"येईल की. तसं परिपत्रकच आहे. मीटर रीडरनं लेखी द्यायचं, उशीर का झाला, कुणाच्या परवानगीनं झाला. तुम्ही परवानगी घेतली होती?"

"नाही."

"मग चौकशी लागणार. आणि चौकशी चालू असताना निवृत्तीचे कागद हलत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायचं का मामा?" साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी दिवस कमी भरतील, सगळे आपोआप आत येतील. सोडून द्या."

सोडून द्यायचं म्हटलं आणि ते जास्तच चिकटलं. मामा जेवता जेवता उठून घरचा मीटर बघून यायचे. पेपर उलटा धरायचे. चहा घ्यायचे आणि दहा मिनिटांनी विचारायचे, आज चहा केला नाहीस का?

"अहो, खुर्चीला खिळे आलेत का?" बायको शेवटी म्हणाली. "बसा की एका जागी! बसा नाहीतर सांगा तरी काय झालंय."

"काय व्हायचंय?"

"नाही ना काही? मग भाजी निवडा."

मामा भाजी निवडायला बसले. देठ ताटात ठेवले, पानं टाकून दिली. बायकोनं ताटाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि केराच्या टोपलीतून पानं परत वेचली.

एवढं मात्र त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं, की पुढच्या महिन्यात फिटंफाट होईल. दोन तारखेला चढणीवर गेलो की पंचवीसच दिवस भरतात. शिवणवालीचे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास यायला हवेत. एकदा वर गेल्याची तिच्या नावावरची खूण तशीच राहणार, हे त्यांना माहीत होतं. पण दुसऱ्यांदा गेली नाही म्हणजे झालं.

दोन तारखेला गुडघ्याला पट्टा बांधून ते चढले. शेवटची घरं आधी उरकत, उगाच रेंगाळत, दुपारी अडीचला तिच्या दारात आले. ती शिवत होती. या वेळी तिनं आकडा सांगितला नाही, नुसती हसली.

वीज ओढली जाईल तसा लुकलुकणारा मीटरवरचा लाल दिवा एकदा लुकलुकला. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा एकदा. मामांनी आकडा टिपायचं यंत्र धरलं.

"त्रेपन्न," ते म्हणाले.

"बघा!" ती म्हणाली. "शंभराच्या जवळसुद्धा फिरकू दिलं नाही."

मामांच्या डोक्यात आकडे फिरायला लागले. अठ्ठ्याहत्तर हवेत, त्रेपन्न आलेत. पंचवीस कमी. पंचवीस दिवसांत पंचवीस. दिवसाला एक युनिट. एवढी मोठी वस्तू या खोलीत एकच होती. त्यांनी खाटेकडे बघितलं. यंत्र बंद होतं, नळी खिळ्याला टांगलेली. रंगारी उशांना टेकून बसला होता, ओठ राखाडी, दोन्ही खांदे श्वासाबरोबर वर-खाली.

"दुपारचं बंद केलंय," शिवणवाली म्हणाली. "सकाळचं चालू आहे. पुन्हा वर गेलो तर नावच काढतील ना. मग सकाळचंही कसं चालवू?"

"मी हल्ली निम्माच श्वास घेतो मामा," रंगारी थांबत थांबत म्हणाला. "सरकारच्या योजनेत... बसायचं म्हणजे... पोट आत ओढावं लागतं."

तो स्वतःच हसला आणि हसता हसता खोकला. बायको पाठ चोळायला धावली. मामा मीटरपाशी उभेच. पुढच्या घरी जायला हवं होतं.

"पंखा नव्हता," ते म्हणाले.

"काय?"

"मागच्या वेळी. पंखा नव्हता, यंत्रही नव्हतं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मीच सहा दिवस उशिरा आलो. गुडघा दुखत होता म्हणून फेरी उलटी केली. सदतीस दिवसांचा आकडा एका महिन्यात धरला गेला."

तिचा हात नवऱ्याच्या पाठीवर थांबला. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. खाली उतरताना."

"त्याच दिवशी." ती हळूच म्हणाली. "आणि मी पंचवीस दिवस रोज दुपारी यांच्या नाकातली नळी काढतेय. हे म्हणतात, राहू दे थोडी, तर मी यांनाच ओरडतेय."

"मी लेखी दिलं, तर दिवसांच्या प्रमाणात धरतात," मामा म्हणाले. ती उठली, यंत्रापाशी गेली आणि बटण दाबलं. यंत्र घरघरलं. नळी झटकून तिनं नवऱ्याच्या नाकाला लावली. मग शिलाई मशीनवरचं कापड बाजूला ढकललं, कपाटातून कागद-पेन काढून तिथं आपटलं.

"बसा. लिहून द्यायचं असतं ना? लिहा. माझ्यासमोर लिहा."

"चौकशी लागेल," मामांच्या तोंडून निघून गेलं.

"लागू दे की. चौकशीत तुम्हाला श्वास तर घेता येईल?"

मामा शिलाई मशीनच्या स्टुलावर बसले. गुडघा वाकेना, म्हणून एक पाय लांब सोडला. परवानगी घेतली नव्हती, हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं. एकोणीस घरांचे क्रमांक पाठ होते, ते एकाखाली एक उतरवले. अक्षर ओळीवरून घसरत होतं.

"नीट काढा अक्षर," खाटेवरून रंगारी म्हणाला. या वेळी मध्ये थांबला नाही. "साहेबाला वाचता यायला हवं."

सही करून मामांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. साहेब तो घेतील की फाडतील, सांगता येत नव्हतं. फाडला तर दुसरा लिहावा लागणार होता. अजून सत्तावीस घरं राहिली होती आणि ऑफिस पाचला बंद व्हायचं.

दारातून निघताना त्यांनी सवयीनं मीटरकडे बघितलं. लाल दिवा आता दम न घेता लुकलुकत होता.

"बघत काय उभे राहिलात?" शिवणवाली मागून म्हणाली. "आधी तो कागद देऊन या. बाकीचे मीटर कुठं पळून जातायत?"

मामांनी कठडा धरला आणि उतरायला लागले. या वेळी पायऱ्या मोजल्या नाहीत.