दादाचा पाळीचा प्रोग्रॅम

मी गाव सोडलं त्या दिवशी दादाने मला नंदुरबार स्टेशनवर सोडलं. गाडी आली. मी चढलो. तो फलाटावर राहिला. खिडकीशी येऊन म्हणाला, “तू जाय. आठे मी शे.”

‘इथे मी आहे’ या त्याच्या वाक्याच्या आधारावर मी आधी पुण्यात आणि मग जर्मनीत, श्टुटगार्टला, संसार केला. गेल्या वर्षी दादा गेला.

आम्ही दोघे सी भाषा शिकलो ती शहाद्याच्या एका क्लासमध्ये, एकाच संगणकासमोर. मला तिने नोकरी दिली. दुसऱ्यांनी लिहिलेला सी कोड वाचायचा आणि त्यातल्या चुका दाखवायच्या, हे माझं काम. दादाने तापीकाठच्या पंपघरासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. गावच्या सोसायटीचं पाणी कोणाच्या केळीला, कोणाच्या उसाला, किती वेळ, हे तो प्रोग्रॅम ठरवायचा आणि पाळी संपली की घंटा वाजवायचा. घंटेला जरा उशीर झाला की लोक पंपघरातल्या संगणकावरून दादाला विचारायचे, “तुन्हा डबाले झोप लागनी का रे?” दादा म्हणायचा, “डबा जागा शे. तुन्हं घड्याळ पुढे पळस.”

तो गेल्यावर काही दिवसांनी घंटा वाजायची थांबली. एकाची पाळी संपलीच नाही, दुसऱ्याचं शेत कोरडं राहिलं आणि पंपघरावर भांडण झालं. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी सगळ्या फाइली मला पाठवल्या.

घरच्या माणसाचा कोड मी त्याआधी कधी तपासला नव्हता. जुन्यातल्या जुन्या धाटणीचा होता. कोड यंत्राच्या भाषेत नेणारे आजचे कंपायलर ज्यांवर इशाऱ्यांची रांग लावतात, तशी फंक्शनं. लागणारी प्रत्येक गोष्ट फंक्शनच्या सुरुवातीलाच वर मांडलेली. क्लासमध्ये मी मध्येच काही घुसवलं की तो म्हणायचा, “पहिले समदं मांडी ले, मंग कामले लाग.” नव्या सीमध्ये तशी सक्ती नाही. मी मात्र अजून तसंच लिहितो. इथले सहकारी हसतात.

चूक लगेच सापडली. सीमध्ये मेमरीतली जागा मागून घ्यावी लागते आणि काम झालं की आपण होऊन परत द्यावी लागते. दादा प्रत्येक पाळीला नवी जागा मागत होता. परत कुठेच करत नव्हता. जागा संपली की मशीन गप्प होणारच. पण मग इतकी वर्षं ते चाललं कसं?

विचार करता करता क्लासमधला दादा आठवला. मास्तरांनी हीच चूक दाखवली तेव्हा तो म्हणाला होता, “सर, आमना गावले लाईट गई का समदं मोकळं व्हई जास.” सगळा वर्ग हसला होता. तो मात्र खरंच तसं धरून चालला. आमच्याकडे लाईट रोज जायची, मशीन बंद पडायचं, आणि लाईट आली की कोऱ्या मेमरीने सुरू व्हायचं. पुढे पंपघरावर सोलर आलं आणि लाईट जायची थांबली. मग, वहिनी सांगते, दादा रोज सकाळी जाऊन स्वतः बटण बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. तो गेल्यावर ते कोणी केलं नाही.

ती जागा परत करायला फार ओळी लागल्या नाहीत. पण तोवर जुनं मशीनही कायमचं बसलं होतं, आणि दादाने घंटेचे आदेश त्या मशीनच्या आतल्या ठरावीक जागांच्या पत्त्यांवर थेट लिहिले होते. नव्या संगणकात ते पत्ते नाहीत. नव्याने जोडायचं तर पंपघरात महिनाभर बसायला हवं होतं, आणि पुढे दर बिघाडाला कोणीतरी गावात हवं होतं.

आबांनी फोनवर विचारलं, “भाऊ, हाई नवा डबावर चाली का? दादाना करता हो म्हनू नको. लोकेस्नी केळी उभी शे.”

मी वेळ मागितला आणि वहिनीला फोन केला. मला वाटलं, ती म्हणेल काहीही करा पण चालू ठेवा. ती म्हणाली, “तुम्हीच नही म्हना भाऊ. परका मानुसनी म्हनं तं माले बरं वाटाव नही.”

ऑफिसात मी रोज कोणाचा ना कोणाचा कोड नाकारतो. कारण लिहितो, पुढचा उघडतो. आबांना मी सांगितलं, “चालणार नाही. बाजारातलं तयार घ्या.” ते म्हणाले, “बरं.” मग म्हणाले, “चांगला व्हता पन.” ते दादाबद्दल बोलले की प्रोग्रॅमबद्दल, मी विचारलं नाही.

इथे भेटणारी आपली माणसं विचारतात, गावाकडे कोण असतं? पूर्वी मी दादाचं नाव सांगायचो. आता वहिनी आहे आणि शेत आहे. पंपघरात दुसरं मशीन आहे. दादाचा प्रोग्रॅम माझ्याकडे आहे; तो वाचता येतो, चालवता येत नाही.