माल दोनशे, चिठ्ठ्या तीनशे

बाहेरून शटर दणादण वाजायला लागलं. दुकानदार अन्वरभाई म्हणाले, "मॅडम, शटर न्हाई टिकायचं. गर्दी लय वाढायली."

मी तालुक्याची कृषी अधिकारी. बोरीच्या या दुकानात सोयाबीनचं बियाणं नीट वाटलं जातंय ना, हे बघायला आले होते. आत दोनशे पिशव्या उरल्या होत्या. बाहेर माणसं त्याहून जास्त. भाव ठरवून दिलेला. भाव वाढला असता तर काहीजण परत फिरले असते. तो वाढत नाही, तेव्हा रांग वाढते. अर्थशास्त्रात याला टंचाई म्हणतात.

त्यात सकाळी मीच नियम केला होता: एका सातबाऱ्यावर दोनच पिशव्या. दुपारपर्यंत लोक मेहुण्याचे, चुलत्याचे सातबारे घेऊन आले. मागणी मीच वाढवली होती.

जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. "वाटप थांबवू नका. गडबडही नको," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

बाजूच्या खिडकीचा गज धरून एक बाई उभ्या होत्या. गयाबाई.

"मावशी, बियाणं किती लागतंय?"

"घरचं बी हाय की ठिवलेलं. पण समदे घ्यायलेत, म्हून मी बी आले. उद्या संपलं तर?"

त्यांना पिशवी नको होती. उद्या मिळेल याची खात्री हवी होती.

मी शटर अर्धं वर करायला लावलं. पायरीवर उभी राहून ओरडले, "प्रत्येकाला शिक्क्याची चिठ्ठी देते. आठ दिवसांत कधीही या, एक पिशवी मिळेल. तोवर घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघा. सत्तर उगवले तर तेच पेरा!"

कुरकुर झाली, पण रांग लागली.

संध्याकाळी अन्वरभाई हळूच म्हणाले, "मॅडम, चिठ्ठ्या तीनशे गेल्या. सगळेच आले तर?"

"तर माझी नोकरी गेली."

ते आठ दिवस मी रोज संध्याकाळी अन्वरभाईंना फोन करून शिल्लक विचारत होते. सहाव्या दिवशी तीसच पिशव्या उरल्या. शेवटच्या दिवशी दुकान बंद झालं, तेव्हा अकरा शिल्लक होत्या. शंभरावर माणसं चिठ्ठी घेऊन आलीच नव्हती.

साहेबांनी लेखी खुलासा मागवला: टंचाई असताना माल शिल्लक कसा?

मी दोन पानं लिहिली. गरज आणि मागणी यांतला फरक समजावला. पण हिशेब न करता चिठ्ठ्या वाटल्या होत्या, ते मात्र त्यात लिहिलं नाही.