पाण्याचे ड्रम मी उचलले नव्हते

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला गाऊट आहे, हे मी सहा वर्षं लोकांपासून लपवलं. बायको आणि हिंदमाताजवळचे आमचे डॉक्टर सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑफिसात कुणी विचारलं की पाय मुरगळला. सासुरवाडीत विचारलं की नवा बूट चावला. एकदा तर लग्नाच्या हॉलमध्ये मी दाराला ठेच लागल्याचं सांगितलं आणि वर दाराला दोन शिव्याही घातल्या.

हे दुखणं ज्याला झालं नाही त्याला सांगून कळत नाही. पहाटे जाग येते ती अंगठा पेटल्यासारखी. लालबुंद, टम्म, चकचकीत. पंख्याचा वारा लागला तरी नको वाटतो, पांघरुणाचा काठ घासला तर तोंडातून आवाज निघतो. पण मला लाज दुखण्याची नव्हती. ते माझ्याकडे कुठल्या वाटेने आलं, त्याची होती.

डॉक्टरांनी पहिल्याच वेळी नीट समजावलं होतं. "रक्तात युरिक ॲसिड वाढतं आणि त्याचे बारीक खडे सांध्यात साठतात. काहींना ते घराण्यातूनच येतं, काही न खाता-पिता होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही घेता का?"

"कधीतरी. पार्टीबिर्टीत," मी म्हटलं.

बायको शेजारच्या खुर्चीत होती. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते, खोटं बोलणाऱ्या पोरांची तिला सवय आहे. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.

कधीतरी म्हणजे दर शुक्रवारी, फोर्टमधल्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत, बिअरच्या दोन बाटल्या. सोबत कलेजी नाहीतर कोळंबी. तसं बघितलं तर मुंबईत यात विशेष काही नाही. पण मी वाढलो वरळीच्या बीडीडी चाळीत, आणि माझे वडील गिरणीतून आल्यावर संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी बसून लोकांची दारू सोडवायचे. आमच्या मजल्यावर कितीतरी घरांत पगाराच्या दिवशी भांडणं थांबली ती त्यांच्यामुळे. चाळीच्या जागी आता टॉवर आलेत, मी वडाळ्याला राहायला गेलो, तरी जुने लोक मला अजून माझ्या नावाने ओळखत नाहीत. "अरे, हा त्यांचा मुलगा," असंच म्हणतात. त्या माणसाच्या मुलाला दारू-मटणाचा आजार झाला हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

बायकोने घरातलं खाणं बदललं. जवळा आणि सुकट बंद, मटण महिन्यातून एकदा, तेही दोनच फोडी. रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी ती युरिक ॲसिडची पांढरी गोळी ठेवायची. डब्याच्या पिशवीत पाण्याची मोठी बाटली. ती रिकामी परत आली नाही तर संध्याकाळी बोलणं खायला लागायचं. आठ-नऊ महिने अंगठा गप्प होता.

मग मीच गोळी घ्यायचं बंद केलं. खिशात टाकायची आणि खाली उतरल्यावर कचऱ्याच्या डब्यात. डॉक्टरांनी बजावलं होतं की बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही, सोडल्यावर पुन्हा उलटतं. मला ते पाठ होतं. पण रोज सकाळी ती गोळी बघितली की कुणीतरी आपल्याला ओळखलंय असं वाटायचं. शुक्रवारही हळूहळू पुन्हा सुरू झाले.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा डिसेंबर. आमच्या चाळीचं मंडळ दरवर्षी पाच आणि सहा तारखेला दादरला शिवाजी पार्कजवळ स्टॉल लावतं. चैत्यभूमीवर अभिवादनाला येणाऱ्या लोकांसाठी पोहे, चहा, पाणी. वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं काम. ते स्वतः पाण्याच्या पिंपाजवळ उभे असायचे, दोन दिवस खाली बसायचे नाहीत.

तीन तारखेला ऑफिसातला एक जण रिटायर झाला. परळच्या एका हॉटेलात सेंड-ऑफ होता. कलेजी मसाल्याची प्लेट समोर आली तेव्हा परिणाम मला नीट माहीत होता, तरी मी दोन वेळा वाढून घेतली. बिअर किती झाली ते मोजलं नाही. चार तारखेच्या संध्याकाळी टेम्पोतून पाण्याचे ड्रम उतरवत होते तेव्हा मी तिथे होतो, पण फोनवर बोलत बाजूला उभा होतो. एकाही ड्रमला हात लावला नाही. अंगठ्यात तेव्हाच बारीक ठणका सुरू झाला होता.

पाच तारखेला पहाटे व्हायचं ते झालं. बायको म्हणाली, "अहो, आज जाऊ नका. फोन करून सांगा खरं काय ते."

मी दुखण्याची गोळी घेतली, एका पायात सँडल आणि दुसऱ्यात बाथरूमची स्लीपर घालून टॅक्सीने दादरला गेलो. खरं सांगण्यापेक्षा लंगडत जाणं मला सोपं वाटलं.

स्टॉलवर माझा लहानपणापासूनचा मित्र पोह्यांच्या कढईपाशी होता. आम्ही एकाच मजल्यावर वाढलो. आदल्या संध्याकाळी तो सामान आणायला गेला होता, टेम्पोजवळ नव्हता.

"काय झालं रे पायाला?"

"काल ड्रम उतरवताना मुरगळला."

"आणि तसाच आलास? येडा आहेस काय? बस तिथे. हलायचं नाही."

त्याने खुर्ची आणली, बाटल्यांचा रिकामा क्रेट उलटा करून माझा पाय त्यावर ठेवला. सकाळभर मी तिथे बसून होतो. समोरून माणसं जात होती. रात्रभर प्रवास करून आलेली, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, रांगेत तासन्‌तास उभी राहिलेली. त्यांच्या पायांना भेगा होत्या आणि मी क्रेटवर पाय टाकून चहा पीत होतो. चहाही मला जागेवर आणून देत होते.

अकराच्या सुमाराला परभणीकडच्या एक म्हाताऱ्या बाई पोह्यांची प्लेट घेऊन माझ्याजवळ सावलीला बसल्या. पांढरं लुगडं, पायात काही नाही. त्यांच्यामागे चाळिशीचा त्यांचा मुलगा, दोन्ही हातांत पिशव्या. बाईंनी माझा पाय बघितला.

"काय झालं रं बाबा पायाला?"

मी तोंड उघडायच्या आत मित्र तिकडून ओरडला, "मावशी, काल पाण्याचे ड्रम उचलून उचलून पाय गेला त्याचा. तुमच्यासाठीच. तरी आज घरी बसला नाही बघा!"

त्याच्या आवाजात माझ्याबद्दलचा अभिमान होता. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला असणार.

बाईंनी प्लेट बाजूला ठेवली. मित्राकडून पोह्यांच्या सामानातली हळद आणि तेल मागून घेतलं, चुलीवर पळीत कोमट केलं. पिशवीतून धुतलेल्या जुन्या लुगड्याची पट्टी काढली. मी म्हणत राहिलो, "नको आजी, राहू द्या," पण त्यांनी ऐकलं नाही. आधी त्यांनी दोन्ही हात माझ्या पावलाला लावून कपाळाला लावले. मग लेप द्यायला लागल्या. त्यांचं बोट अंगठ्याला टेकलं तसं डोळ्यांतून पाणी आलं. ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं. निदान तेवढं तरी आपण सोसलं पाहिजे असं काहीतरी डोक्यात होतं.

"लई सुजलंय," पट्टी गुंडाळत त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "हे बघ. ह्याला म्हनत्यात मानूस. शिकून मोठा झाला तरी आपल्या लोकांसाठी ड्रम उचलतो. आन्‌ तुला गुत्त्यावरनं उचलून आनावं लागतंय."

मुलगा ओशाळला. आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. "आई, सोडली म्हनलं ना. आठ महिनं झालं."

"तुझं सोडनं मला म्हाईत हाय."

त्या हात धुवायला नळाकडे गेल्या. मुलगा पिशव्या खाली ठेवून माझ्यासमोर उकिडवा बसला. पट्टी सैल झाली होती, ती नीट करण्यासाठी त्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबला. अंगठ्याकडे बघत राहिला.

"सर, मुरगळल्यावर घोटा सुजतो," तो हळू आवाजात म्हणाला. "हा तर अंगठा हाय."

मी पाय मागे घ्यायला बघितलं.

"आमच्या मालकाला असाच होतो. मी त्यांचा ट्रॅक्टर चालवतो, गाडीबी चालवतो. पार्टी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मीच नेतो त्यांना नांदेडला, डॉक्टरकडं. डॉक्टर बोलतो ते समदं मी ऐकलंय."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याने पट्टीला अलगद गाठ मारली, अंगठ्याला धक्का न लावता. ते त्याला बरोबर जमलं.

"आईला सांगत न्हाई," तो म्हणाला. "तिला बरं वाटलंय."

बाई परत आल्या. तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं. आजी, मी ड्रम उचलले नाहीत, मी दारू पिऊन आजारी पडलोय. किंवा एवढंसुद्धा नको, नुसतं म्हणायचं की तुमचा मुलगा खरं बोलतोय, त्याच्यावर विश्वास ठेवा. माझा शब्द त्या वेळी त्या बाईंनी मानला असता. कढईपाशी मित्र उभा होता, मंडळाचे लोक होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझं तोंड उघडलं नाही.

"येते रं बाबा. जप पायाला. जय भीम."

"जय भीम," मी म्हटलं. मुलगाही म्हणाला, पिशव्या उचलल्या आणि आईच्या मागून रांगेकडे गेला. मी उठायचा प्रयत्न केला, चार पावलं टाकली, खांबाला धरून उभा राहिलो. पण तोवर ते दोघं गर्दीत दिसेनासे झाले होते.

दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला. बाई माझ्या पायाला पट्टी बांधतायत आणि मी डोळे मिटून बसलोय. खाली मित्राने लिहिलं होतं, "बापाचा वारसा." शंभरएक लोकांनी हात जोडले.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. गोळ्या कचऱ्यात टाकल्याचंही. तिने पट्टीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला तुमच्या पिण्याचं माहीत होतं. गोळीचं नव्हतं. रोज सकाळी मी ती आठवणीने काढून ठेवत होते हो."

एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात गेली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

आठवड्याने मंडळाची बैठक होती, टॉवरच्या तळमजल्यावरच्या खोलीत. हिशेब, उरलेलं सामान वगैरे झालं आणि कुणीतरी माझ्या सत्काराचा विषय काढला. शाल, पुष्पगुच्छ. मी उभा राहिलो. कसं सुरू करावं ते कळेना, म्हणून मधूनच सुरू केलं. ड्रम, सेंड-ऑफ, बिअर, सहा वर्षं. त्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाचंही सांगितलं.

एक जुने काका उठून निघूनच गेले. दुसऱ्याने मला धीर द्यायला म्हटलं, "अरे, एवढं काय? आजकाल सगळेच घेतात." ते मला जास्त लागलं.

मित्र बाहेर येऊन जिन्यात उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेलो.

"तू प्यालास, आजारी पडलास, ते तुझं तू बघ," तो म्हणाला. "पण त्या म्हातारीसमोर तुझी साक्ष मी दिली ना रे. मला खोटं बोलायला लावलंस."

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "चल, निघतो." पुढचे चार महिने त्याने फोन उचलला नाही. आता बोलतो, घरी येतो, जेवतो. पण माझ्याविषयी तो चारचौघांत काही सांगत नाही, चांगलंही नाही.

त्यानंतर मी बिअर सोडली. गोळी रोज घेतो, बायकोसमोर, पाण्याचा अख्खा ग्लास पिऊन. कलेजी आणि कोळंबीकडे बघत नाही, उन्हाळ्यात पाणी कमी पडू देत नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. आकडा खाली आलाय, डॉक्टर खूश आहेत. मध्ये एकदाच हलका झटका आला, तापात पाणी कमी पडल्यामुळे. तेव्हा ऑफिसात ज्याने विचारलं त्याला मी सरळ सांगितलं की गाऊट आहे. त्याने "अच्छा" म्हटलं आणि स्वतःच्या फायलीकडे वळला. एवढ्याशा शब्दासाठी मी सहा वर्षं घालवली होती.

पुढच्या डिसेंबरला स्टॉलवर गेलो. दोन्ही दिवस उभा राहिलो, पाणी वाटलं. परभणीकडचं कुणी दिसलं की थांबवून विचारायचो, अशा अशा एक आजी, मुलगा ट्रॅक्टर चालवतो. लोक विचारायचे, "कुठलं गाव?" ते मला सांगता यायचं नाही. त्या बाईंनी माझ्या पायाला हळद लावली, मुलाने पट्टी बांधली, आणि मी त्यांना गावाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. लोक मान हलवून पुढे जायचे. तो माणूस अजूनही आईला आपण सोडल्याचं सांगत असेल का, आणि तिने ते मानलं असेल का, हे मला कधीच कळणार नाही.